यंत्रमागाचा आवाज कवितेत का नाही?

सोलापुरात अध्यापन करताना आमच्या वर्गात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील कारखान्यांत काम करून शिकणारी मुले नेहमीच असतात. रात्री यंत्रमागावर टॉवेल विणायचे आणि सकाळी वर्गात ज्ञानेश्वरी ऐकायची, असा त्यांचा दिनक्रम. कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी कन्नड. त्यांतील काहीजण संकोचाने कवितांची वही पुढे करतात. वहीत चंद्र असतो, प्राजक्त असतो, विरहही असतो. रात्रपाळी मात्र नसते.

हा दोष केवळ त्यांचा नव्हे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने कथेत बीम, कांडी, जकार्ड हे शब्द सहजपणे योजले होते. आम्ही त्यांखाली लाल रेघ ओढून ‘प्रमाण मराठी शब्द वापरावेत’ असा शेरा लिहिला. त्याच्या पुढच्या कथेत कारखानाच उरला नव्हता. त्या शेऱ्याची खंत आम्हांला आजही वाटते.

वास्तविक उदाहरण आमच्याच गावचे होते. मारुती चितमपल्ली १९३२ साली सोलापुरात जन्मले आणि वनखात्यात नोकरीला लागले. रानातल्या नोंदी आणि आदिवासींकडून ऐकलेले शब्द हेच त्यांच्या लेखनाचे भांडवल ठरले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ म्हणणारी त्यांची मराठी नोकरीच्या वाटेवर घडली. २००६ साली सोलापुरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले. नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह १९६२ साली आला, तोही कामगारवस्तीतील जगण्यातूनच.

म्हणून नवोदितांना आमचे सांगणे एवढेच. खिशात छोटी वही ठेवा आणि पाळी सुटल्यावर त्या दिवशी ऐकलेले एक वाक्य जसेच्या तसे टिपून घ्या. यंत्राच्या भागांची नावे बदलू नका. संदर्भ नेमका असेल तर वाचकाला अर्थ आपोआप उमगतो. मजकूर लिहून झाला की आठवडाभर बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळेल तिथे वाक्य सैल आहे असे समजावे. घरची भाषा वेगळी असल्याचा न्यूनगंड नको. तिच्यामुळे मराठीला नवा शब्द मिळू शकतो. पैसे भरून प्रातिनिधिक संग्रहात कविता छापून घेण्याची घाई करू नका. त्याऐवजी दिवाळी अंकांकडे पाठवा. साभार परत आले तर पुन्हा तपासा आणि दुसरीकडे पाठवा.

सोलापुरी चादर देशभर पोहोचली आहे. ती विणणाऱ्या हातांची गोष्ट मराठीत अजून पुरेशी आलेली नाही. ती बाहेरचा कोणी येऊन लिहील, याची वाट का पाहावी? ज्याने तुटलेला धागा रात्री दोन वाजता जोडला आहे, त्यानेच ती लिहावी. आमची लाल शाई आता आम्ही आवरून धरू.