ब्रह्मकमळ सिक लीव्हवर

दर रविवारी सकाळी आईचा पुण्याहून फोन येतो. नाश्ता केलास का, कामवाली आली का, आणि मग हळूच तिसरा प्रश्न. ‘झाड कसं आहे गं?’ गेला महिनाभर मी एकच उत्तर ठोकून देत होते. ‘मस्त!’

मस्त कसलं डोंबल! झाड मरायला टेकलं होतं.

झाड म्हणजे बाबांचं ब्रह्मकमळ. मुलुंडच्या आमच्या घरी ते खिडकीच्या ग्रिलमध्ये वीसेक वर्षं होतं. पावसाळ्यात एखाद्या रात्री फुलायचं आणि मग बाबा अख्ख्या मजल्याच्या बेल वाजवत सुटायचे. रात्री साडेअकराला शेजारचे काका-काकू आमच्या हॉलमध्ये, स्वयंपाकघरात चहाचं आधण, आणि सगळे त्या फुलाकडे टक लावून. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. आई दादाकडे पुण्याला गेली आणि झाड आलं माझ्याकडे, बोरिवलीच्या वन बीएचकेत.

मी त्याला एकदम व्हीआयपी ट्रीटमेंट दिली. मातीची जुनी कुंडी टाकून पांढरीशुभ्र सिरॅमिकची आणली. टीव्हीशेजारी खास जागा दिली. मोबाइलवर रोज सकाळी 7.10 चा रिमाइंडर लावला. तो वाजला की एक मग पाणी. अंधेरीची लोकल चुकली तरी चालेल, पाणी चुकायचं नाही!

जूनमध्ये पानं लोंबायला लागली. मला वाटलं, तहान लागली असेल. मग दोन मग. मग पानं पिवळी पडली. ऑफिसात कोणी म्हणालं खत घाल, तेही घातलं. म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला पुरणपोळी! शेवटी बुंध्याशी हात लावला तर उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ लागला, आणि मातीतून चिलटं उडाली. त्या दिवशी कुंडी मांडीवर घेऊन रिक्षाने नर्सरी गाठली.

नर्सरीवाल्या काकांनी पानांकडे बघितलंसुद्धा नाही. कुंडी उचलून वजन बघितलं, मातीचा वास घेतला, कुंडी तिरकी करून खाली बघितलं आणि विचारलं, ‘मॅडम, इसका छेद किधर है?’

छेद नव्हताच. माझ्या देखण्या कुंडीला खाली भोकच नव्हतं. रोजचं पाणी तळाशी साचत होतं आणि मुळं त्यात कुजत होती. गंमत बघा, कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड तहानल्यासारखंच दिसतं. आपण आणखी पाणी घालतो, मुळं आणखी कुजतात. आपण प्रेमाने मारतो हो!

त्यात हे झाड पडलं वेगळ्या खानदानातलं. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर उगवतं, उत्तराखंडचं ते राज्यफूल आहे. आपल्या खिडक्यांमधलं हे मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं, निवडुंगाच्या कुळातलं. ज्यांना आपण पानं म्हणतो ते त्याचे चपटे दांडे. तिकडे ते जंगलात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं. पाऊस धो धो पडतो, पण मुळांशी थांबत नाही. म्हणूनच 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस नोंदला गेला त्या दिवशी, बाबांचं झाड उघड्या ग्रिलमध्ये भिजत राहिलं आणि त्याला काही झालं नाही. आणि माझ्या रोजच्या एका मगाने त्याचा निकाल लावला.

काकांनी झाड कुंडीतून काढलं. निरोगी मुळं पांढरट आणि टणक असतात. आमची काळी पडून हातात गळून येत होती. बुंधा वाचणार नव्हता. वरची तीन पानं तेवढी हिरवी आणि कडक होती. ती स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने कापली. आठवडाभर सावलीत तशीच ठेवायची, कापलेली कड सुकली की मगच लावायची, असं बजावून काकांनी मला घरी पाठवलं.

घरी आले तेव्हा हातात बाबांच्या झाडाची तीन पानं होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. रविवारपर्यंत थांबवेना. त्याच रात्री आईला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. रडलेही थोडी.

आई दोन क्षण गप्प. मग चक्क हसायला लागली. ‘अगं, तुझ्या बाबांनी दोनदा मारलंय ते! दोन्ही वेळा शेजारच्या काकूंकडून पान मागून आणलं. त्यांना आधी आम्हीच दिलेलं ना! तेव्हापासून बोट खुपसून माती बघितल्याशिवाय पाणी घालायचे नाहीत ते.’ थोडं थांबून म्हणाली, ‘झाडाचं काय गं, होईल. पण मला मस्त आहे, मस्त आहे म्हणून सांगू नकोस. बाकीचं तरी खरं सांगतेस ना?’

तर मंडळी, तुमचंही झाड रुसलं असेल तर पाण्याचा मग उचलण्याआधी एवढं करा:

* मातीत दोन पेरं बोट घाला. ओल लागली तर आज पाणी नाही. रिमाइंडर पाणी घालायचा नको, माती बघायचा लावा.
* पान सुरकुतलेलं आणि माती कोरडी असेल तर तहान. पान पिवळं, बुंधा मऊ आणि मातीला कुबट वास असेल तर मुळं कुजताहेत.
* कुंडीला भोक हवंच. त्यावर खापराचा तुकडा ठेवा, म्हणजे माती वाहून जात नाही. नुसती लाल माती घट्ट बसते, तिच्यात जाड वाळू, विटेचे तुकडे आणि थोडं गांडूळखत मिसळा.
* आजारी झाडाला खत नाही. आधी नवी मुळं फुटू द्या.
* झाड धडधाकट आहे तोवरच एक पान शेजाऱ्यांना द्या. बॅकअप फक्त लॅपटॉपचा घ्यायचा नसतो!

आमच्या तीनपैकी एक पान गेलं. दोन मात्र मातीच्या छोट्या कुंड्यांत रुजलीत, आणि एकाच्या कडेला तांबूस कोंब दिसतोय. फूल यायला दोन-तीन वर्षं तरी लागतील. तोपर्यंत समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते बघून ठेवते. रात्री साडेअकराला कोणाची तरी बेल वाजवायची आहे ना!