बंदी नको, बंदोबस्त हवा

विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी घरी चार्ज करण्याबाबत जळगाव-धुळ्याकडे दोन मते ऐकू येतात. ही बॅटरी म्हणजे घरात आणून ठेवलेला बॉम्ब, तेव्हा घरी चार्जिंग करूच नये, हे एक. मोबाइल लावतो तशी गाडी लावायची, त्यात एवढे काय, हे दुसरे. दोन्ही मते चुकीची आहेत, आणि दुसरे पहिल्यापेक्षा जास्त घातक आहे.

पहिल्या मतामागची भीती खोटी नाही. सप्टेंबर 2022 मध्ये वसईत स्कूटरची बॅटरी काढून बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला आणि त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. त्याच वर्षी मार्चमध्ये तमिळनाडूतील वेल्लोरला घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला. बाप आणि मुलगी धुराने गुदमरून गेले. पण या घटना नीट पाहिल्या तर त्यांतून ‘घरी चार्जिंग नको’ असा निष्कर्ष निघत नाही. दोन्ही ठिकाणी चार्जिंग चालू असताना घर झोपेत होते. वसईत तर बॅटरी माणसांच्या उशाशी होती. बदलायला हवी ती जागा आणि वेळ. अशा आगींनंतरच केंद्र सरकारने दुचाकी-तिचाकींच्या बॅटऱ्यांसाठीचे एआयएस 156 हे मानक कडक केले; ते डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधीच्या गाड्या आणि नोंदणी लागत नाही म्हणून घेतलेल्या, ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या स्वस्त स्कूटर यांच्या बाबतीत मात्र दुप्पट सावध राहावे.

आता दुसरे मत. मोबाइलच्या बॅटरीत सुमारे 20 वॅट-तास ऊर्जा असते, तर स्कूटरच्या तीन युनिटच्या बॅटरीत 3,000 वॅट-तास, म्हणजे दीडशेपट. त्यामुळे मोबाइलच्या बाबतीत खपून जाणारी हयगय येथे खपत नाही. ही हयगय बहुतेक वेळा बॅटरीत नसते, भिंतीवरच्या बोर्डात असते. सैल झालेल्या सॉकेटच्या सांध्यात अर्धा ओहम रोध तयार झाला असे धरू. 750 वॅटचा स्कूटर-चार्जर साडेतीन अँपिअरच्या आत वीज घेतो. तेव्हा त्या सांध्यात पाच-सहा वॅट उष्णता निर्माण होते. त्याच सॉकेटवर 3.3 किलोवॅटची कार लावली तर प्रवाह 14 अँपिअरच्या पुढे जातो आणि उष्णता 100 वॅटवर पोहोचते. प्रवाह चौपट झाला की उष्णता सोळापट होते. ही उष्णता मुठीएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत तासन् तास साठत राहते. पिन तपकिरी पडणे, बोर्डाला जळका वास येणे, ही तिचीच लक्षणे. ती दिसताच चार्जिंग थांबवून सॉकेट बदलावे. कारसाठी 16 अँपिअरचे सॉकेट आणि मीटरपासून थेट आणलेली स्वतंत्र वायर हवीच. फ्रिज-कूलर असलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर कोणतीही गाडी लावू नये. कारचा चार्जर घेण्याआधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा.

अर्थिंगची गोष्ट खानदेशात अधिकच निकडीची आहे. येथील काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते. कोरड्या मातीचा रोध वाढतो आणि पावसाळ्यात चोख असलेले अर्थिंग मे महिन्यात नावापुरते उरते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावे. वायरमनकडून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा आणि त्याचे चाचणी बटण अधूनमधून दाबून पाहावे. तीन पिनांपैकी जाड पिन मोडून दोन पिनांवर काम भागवणे हा तर सरळ जिवाशी खेळ आहे.

उन्हाळ्याचा दुसरा प्रश्न थेट बॅटरीचा. लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची सर्वसाधारण मर्यादा 45 अंश सेल्सिअस. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 44-45 वर जातो, आणि तोही सावलीतला. पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. भरदुपारी धुळ्याहून आलेली गाडी दारात उभी करताच पिन लावणे म्हणजे तापलेल्या बॅटरीला आणखी तापवणे होय. तासभर तरी ती सावलीत निवू द्यावी. मग रात्री लावून झोपावे का? हवा गार असते हे खरे, पण लक्ष ठेवायला कोणी जागे नसते. पहाटे पाचला चार्जिंग सुरू करणे सर्वांत बरे: दिवसातला सर्वांत गार प्रहर असतो आणि घरही जागे होत असते. कंपनीने दिलेल्या चार्जरशिवाय दुसरा चार्जर वापरू नये. व्होल्टेज किंचित जास्त झाले तरी सेलला इजा होते.

जागेबाबत खानदेशातील गावांना एक खास इशारा द्यायला हवा. भाव वाढेल या आशेने शेतकरी कापूस घरातच साठवतात. ओसरीपासून आतल्या खोलीपर्यंत ढीग लागलेले असतात. त्याच ओसरीत स्कूटर चार्जिंगला लागते. कापसाला एक ठिणगी पुरते. कापूस, कडबा किंवा गॅस सिलिंडर जवळ असेल तेथे चार्जिंग अजिबात करू नये. दाराच्या वाटेवरही नको, कारण आग लागली तर बाहेर पडण्याची तीच वाट असते.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी जुनी, ओळखीची, म्हणून निर्धोक मानली जाते. तेही बरोबर नाही. ट्रॅक्टरची किंवा ई-रिक्षाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, आणि हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगीने भडका उडतो. ती बंद खोलीत चार्ज करू नये. चार्जर बंद केल्याशिवाय क्लिपा काढू नयेत आणि जवळ बिडी पेटवू नये.

लिथियम बॅटरीतून धूर निघू लागला तर ती विझवत बसू नये. जमले तर मेन स्विच बंद करावा, सर्वांनी बाहेर पडावे आणि 101 वर फोन करावा. तो धूर विषारी असतो.

राहिला प्रश्न पार्किंगमध्ये चार्जिंगला मनाई करणाऱ्या गृहनिर्माण संस्थांचा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या विद्यमान वीजजोडणीवर चार्जिंग करण्यास मुभा दिली आहे. मनाई केल्याने चार्जिंग थांबत नाही. रहिवासी बॅटरी काढतो, तिसऱ्या मजल्यावर नेतो आणि बैठकीच्या खोलीत लावतो. वसईतही बॅटरी अशाच खोलीत होती. संस्थांनी मनाई उठवून पार्किंगमध्ये आरसीसीबीसह स्वतंत्र लाइन टाकून द्यावी.