लेकरू बोलते तेव्हा आपण काय करतो?

उसाचा हंगाम सुरू झाला की राहुरी तालुक्यात मुळा धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या फडांत बीड-पाथर्डीकडचे कोयते येऊन पडतात. मायबाप पहाटेच्या अंधारात फडात जातात. कोपीवर मागे राहते ती आठ-दहा वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवर धाकटे भावंड. कोपीला दार नसते, कडी नसते. वीटभट्टीवरच्या लेकरांचीही हीच गत. तिच्यावर कोणी वाईट हात टाकला तर ती कोणाला सांगणार? आणि तिने सांगितलेच, तर आपण काय करणार? आमच्या मते खरा प्रश्न हा दुसरा आहे.

अत्याचार करणारा बहुधा परका नसतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. त्यात मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हते. निम्मे अत्याचारी ओळखीचे, विश्वासातले होते आणि बहुतेक मुलांनी हे कोणालाच सांगितले नव्हते. का सांगितले नाही? कारण सांगणाऱ्या लेकरालाच आपण गप्प बसवतो. ‘इज्जत जाईल’, ‘लग्न कसे होईल’, ‘मालकाशी वैर नको, उचल अंगावर आहे’ असे म्हणत पंच बसतात, पैसे ठरतात आणि प्रकरण मिटते. गुन्हेगार मोकळा फिरतो आणि पुढचे लेकरू शोधतो.

आमच्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील कोपर्डीत जुलै २०१६ मध्ये शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. महाराष्ट्र पेटून उठला आणि तो उठायलाच हवा होता. परंतु त्या आक्रोशात ॲट्रॉसिटी कायद्यालाच हात घालण्याची मागणी पुढे आली आणि लेकरांच्या सुरक्षेचा प्रश्न मागे पडला. पीडितेची आणि आरोपीची जात पाहून संतापणारा समाज कोणत्याच मुलीला वाचवू शकत नाही. हे आम्ही स्वतःलाही बजावतो. आरोपी आपल्या वस्तीचा, आपल्या नात्यातला निघाला तरी त्याला पाठीशी घालणे हा बाबासाहेबांच्या विचारांशी द्रोह आहे. बालकांच्या कोवळ्या वयाचा गैरवापर होऊ नये, हे संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्येच लिहिले आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतच दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला. पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले. शेवटी लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा यंत्रणा हलली. पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळा चालवणाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. हा धडा प्रत्येक शाळेने, वसतिगृहाने आणि आश्रमशाळेने घेतला पाहिजे.

कारण २०१२ चा पॉक्सो कायदा स्पष्ट आहे. अठरा वर्षांखालील मुलावर अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची भीती असल्याचे ज्याला समजते, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, तर हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. म्हणजे मिटवामिटवी हा शहाणपणा नाही, तोच गुन्हा आहे.

मग आपण करायचे काय? लेकरू बोलले तर आधी विश्वास ठेवा. ‘तू तिथे गेलीसच कशाला’ असे विचारू नका. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. १०९८ वर फोन करा किंवा थेट पोलीस ठाणे गाठा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. हा आपला हक्क आहे, तो मागून घ्या. पीडित बालक दलित-आदिवासी आणि आरोपी सवर्ण असेल, तर ॲट्रॉसिटीची कलमेही लावून घ्या. मुलाचे नाव गावभर करू नका. शाळेत सखी सावित्री समिती कागदावर आहे की खरोखर बसते, हे शिक्षकांना विचारा. हंगामात कोपीवरच्या लेकरांना दिवसभर अंगणवाडीत, शाळेत बसवून घेण्यासाठी मुकादमाला, कारखान्याला आणि ग्रामपंचायतीला जाब विचारा.

सावित्रीबाई शिक्षिका होण्यासाठी याच जिल्ह्यात, अहमदनगरला शिकल्या. त्यांच्या जयंतीला हार घालणारे हात कोपीवरच्या त्या मुलीच्या पाठीवर पडले, तरच त्या हारांना अर्थ आहे.