युरियाच्या पोत्यावरचा ४६ आणि दहावीचे विज्ञान

युरियाच्या पोत्यावर ‘४६ टक्के नत्र’ असे छापलेले असते. हा आकडा कुठून आला, असे दहावी झालेल्या एखाद्या मुलाला विचारून पाहा. ‘कंपनीने ठरवला असेल’ किंवा ‘सरकारने’ असे उत्तर येण्याची शक्यता जास्त. खरे तर तो कोणीच ठरवलेला नाही. युरियाच्या एका रेणूत कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. त्यांचे अणुवस्तुमानांक मांडा : १२, १६, दोन वेळा १४ आणि चार वेळा १. बेरीज ६०. त्यात नायट्रोजनचा वाटा २८. म्हणजे शंभरात ४६.७. थोडा ओलावा, थोडी अशुद्धी धरली की ४६. पंचेचाळीस किलोच्या पोत्यात नत्र भरते २०.७ किलो.

हे गणित सातवीच्या मुलालाही जमेल. पण त्यामागे दोन गोष्टी कळलेल्या असाव्या लागतात. अणू ठरावीक संख्येनेच एकत्र येतात, ही एक. आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला स्वतःचे वजन असते व ते कोणीतरी मोजून काढलेले असते, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी एका तक्त्यात बांधल्या जातात ती आवर्त सारणी. ती शाळेत कधी शिकवावी, हा वाद म्हणूनच केवळ शिक्षणतज्ज्ञांचा नाही.

वाद २०२३ मध्ये पेटला. करोनानंतर अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून एनसीईआरटीने पुस्तकांतील मजकूर कमी केला. त्यात दहावीच्या विज्ञानातले मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण गेले. टीका झाल्यावर एनसीईआरटीने खुलासा केला : मूलद्रव्ये, संज्ञा, अणूची रचना हे नववीत आहेच, आवर्त सारणी अकरावीत सविस्तर आहे. खुलासा चुकीचा नव्हता. अडचण एवढीच, की अकरावीचे रसायनशास्त्र फक्त विज्ञान शाखेतल्या मुलांपर्यंत पोहोचते. वाणिज्य, कला, आयटीआय किंवा थेट शेतीकडे वळणाऱ्यांसाठी दहावी हाच शेवटचा थांबा. पोती विकत घेणाऱ्यांत आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागे उभे राहणाऱ्यांत हीच मुले अधिक असतात.

आपल्या राज्य मंडळाने दहावीच्या पुस्तकात हे प्रकरण ठेवले आहे, गुरुत्वाकर्षणानंतर लगेच. त्याबद्दल मंडळाचे कौतुक करावेसे वाटते. पण शिकवण्याची तऱ्हा पाहिली की हात आखडतो. मुले पहिली वीस मूलद्रव्ये कवितेसारखी म्हणतात, ‘मेंडेलीव्हच्या आवर्त सारणीचे गुण व दोष’ पाठ करतात, दोन-तीन गुण मिळवतात आणि मोकळी होतात. कोणी, काय मोजले, कशासाठी, हा भाग निसटतो. आणि गंमत तर तिथेच आहे.

बेरिलियमचेच उदाहरण घ्या. प्रयोगशाळेत तराजूने एवढेच कळत होते, की हा धातू साडेचार भाग असेल तर त्याच्याशी आठ भाग ऑक्सिजन जोडला जातो. पण एका अणूशी एक अणू की दोनाशी तीन, हे तराजू सांगत नाही. एकाशी एक धरले तर बेरिलियमचा अणुवस्तुमानांक येतो ९. अ‍ॅल्युमिनिअमसारखे दोनाशी तीन धरले तर १३.५. त्या काळचे अनेक रसायनशास्त्रज्ञ १३.५ च्या बाजूचे होते. मेंडेलीव्हने सारणीकडे पाहिले. कार्बन १२, नायट्रोजन १४. मध्ये कोणाला बसायला जागाच नाही. उलट लिथियम ७ आणि बोरॉन ११ यांच्यामध्ये एक घर रिकामे. म्हणून बेरिलियम ९. पुढे त्याच्या क्लोराइडच्या वाफेची घनता मोजल्यावर तेच खरे ठरले. युरेनियमचा तेव्हा मानला जाणारा १२० हा आकडाही त्याने थेट दुप्पट केला.

याहून रंगतदार गोष्ट गॅलियमची. १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्ये माहीत होती. मेंडेलीव्हने काही घरे रिकामी सोडली आणि तिथे येणाऱ्या पाहुण्यांना नावेही देऊन टाकली : एका-अ‍ॅल्युमिनिअम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. यातला ‘एका’ हा संस्कृतातला ‘एक’. अ‍ॅल्युमिनिअमच्या खाली एक घर, एवढाच अर्थ. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्रान यांना जस्ताच्या खनिजात नवा धातू सापडला. त्यांनी त्याची घनता मोजली : ४.७. मेंडेलीव्हने रशियातून कळवले, हा माझाच एका-अ‍ॅल्युमिनिअम आहे, घनता ५.९ च्या आसपास यायला हवी, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. ज्याने तो धातू कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, तो माणूस तो हातात असलेल्याची चूक काढत होता. नमुना शुद्ध केला, पुन्हा मोजले. ५.९.

हा धातू तीस अंशांच्या किंचित आतच वितळतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये कपाटात ठेवल्या ठेवल्या त्याचे पाणी होईल. आणि तुम्ही हा मजकूर ज्या फोनवर वाचताय, त्याच्या फ्लॅशमधला पांढरा प्रकाश गॅलियम आणि नायट्रोजनच्या संयुगातून येतो.

म्हणजे मोजमापाने सारणी घडवली आणि नंतर सारणीने मोजमापाची चूक पकडली. एवढे एक नाते जरी मुलांच्या लक्षात राहिले, तरी पुरे. पण त्यासाठी वर्गात तराजू लागतो. मॅग्नेशिअमची फीत जाळून आधीचे आणि नंतरचे वजन करायला लागते. वजन कमी न होता वाढलेले दिसते तेव्हा मुले चक्रावतात, आणि तोच शिकण्याचा क्षण. अनेक शाळांत हा प्रयोग फळ्यावर ‘केला’ जातो. तो फळ्यावर होत असेल तर प्रकरण पुस्तकात असूनही नसल्यासारखेच.

भार कमी करा, या मागणीत तथ्य आहेच. गण आणि आवर्तनांच्या वैशिष्ट्यांची लांबलचक यादी, डोबेरायनर आणि न्यूलँड्स यांच्या नियमांच्या मर्यादा, हे खुशाल कापा. तरी डोबेरायनरचे एक त्रिक ठेवा : लिथियम ७, सोडिअम २३, पोटॅशिअम ३९. पहिल्या-शेवटच्याची सरासरी काढा, मधला आकडा मिळतो. मुलांना स्वतः काहीतरी सापडल्याचा आनंद यातून मिळतो. शिवाय सोडिअमची बॅटरी लिथियमच्या बॅटरीपेक्षा जड का होते, याचे अर्धे उत्तर याच उभ्या रांगेत आहे.

आता पुन्हा पोत्याकडे. डीएपीवर १८:४६ लिहिलेले असते. शेतकरी धरून चालतो, की १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. नत्राचा आकडा सरळ आहे. स्फुरदाचा नाही. जुन्या काळच्या विश्लेषणाच्या पद्धतीमुळे स्फुरद आणि पालाश आजही ऑक्साइडच्या रूपात मोजतात. फॉस्फरसचा अणू ३१, ऑक्सिजनचा १६. या ऑक्साइडमध्ये फॉस्फरसचे दोन आणि ऑक्सिजनचे पाच अणू. एकूण १४२, त्यात फॉस्फरस ६२. म्हणजे ४६ टक्क्यांत प्रत्यक्ष फॉस्फरस जेमतेम २० टक्के. यात फसवणूक नाही, शिफारशीही बहुधा याच भाषेत दिलेल्या असतात. घोळ होतो तो माती परीक्षणाच्या अहवालात. काही अहवाल फॉस्फरस मूलद्रव्य म्हणून देतात, काही ऑक्साइड म्हणून. दोन्हींत २.३ पटींचा फरक. ज्याला हे माहीत नाही, तो गरजेच्या दुपटीहून जास्त खत टाकेल किंवा निम्म्याहून कमी, आणि दोष पावसाला किंवा दुकानदाराला देईल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातली पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. दहावीच्या विज्ञानाची पाळी येईल तेव्हा आवर्त सारणी काढायची की ठेवायची, हा प्रश्न पुन्हा टेबलावर येईल. ठेवणार असाल तर गुण-दोषांच्या प्रश्नाऐवजी एवढा एकच प्रश्न घाला : १०:२६:२६ च्या ५० किलोच्या पोत्यात प्रत्यक्ष फॉस्फरस किती? उत्तर ५.७ किलो येते. मुलाने ते घरी जाऊन वडिलांना सांगावे.