छज्जा, पाऊस आणि विसर्जनाची गर्दी



गणपती तोंडावर आले आहेत. विसर्जनाच्या संध्याकाळी मिरवणुकीच्या रस्त्यावरचा एकेक छज्जा माणसांनी भरून जातो. घरची माणसे, पाहुणे, भाडेकरू, शेजारची पोरे. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे त्याला गॅलरी म्हणतात, आपण छज्जा म्हणतो. नाव काहीही असो, घराचा एवढाच भाग असा की ज्याच्या खाली भिंतही नसते आणि खांबही नसतो. नेमके तिथेच आपण वर्षातली सर्वांत मोठी गर्दी करतो.

या विषयावर लिहायचे कारण घरचेच आहे. आमचे घर 1991 चे, कर्ज काढून बांधलेले. यंदा छज्जाच्या खालच्या बाजूला तांबूस डाग दिसले आणि बारीक चीर. मिस्त्री म्हणाला, "साहेब, गिलावा मारून देतो, दोन तासांचे काम." सौ.ला पटेना, म्हणून ओळखीच्या इंजिनिअरला बोलावले. त्याने हातोडीने ठोकून पाहिले. अर्ध्या भागात आवाज पोकळ आला. गिलाव्याचा पोपडा निघाला तर आतली सळई गंजून फुगलेली, आणि फुगताना तिनेच सिमेंट फोडलेले. वरून गिलावा मारला असता तर डाग झाकला गेला असता, गंज तसाच राहिला असता.

त्याने सांगितलेली आणखी एक गोष्ट मला या वयात पहिल्यांदा कळली. खोलीच्या स्लॅबला मुख्य लोखंड खालच्या अंगाला लागते, पण बाहेर झुकलेल्या छज्जाला ते वरच्या अंगाला लागते, कारण तिथे ताण वरून येतो. स्लॅब ओतताना मजूर त्या सळयांवरून चालतात आणि त्या दबून खाली जातात. नकाशा बरोबर, सिमेंट चांगले, तरी छज्जा पहिल्या दिवसापासून कमजोर. शिवाय पाणी मुरते तेही वरूनच, म्हणजे जिथे लोखंडाची खरी गरज तिथेच. आपल्याकडचा पावसाळा कसा असतो, ते वैनगंगेकाठच्या लोकांना मी काय सांगावे! उतार नीट नसेल, पाण्याची नळी पानांनी तुंबली असेल, तर छज्जावर चार महिने तळे.

आता थोडा हिशोब, सवयच आहे. भारतीय मानकानुसार घरातल्या खोलीचा भार दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो धरतात, छज्जाचा 300. चार फूट बाय दहा फुटांचा छज्जा म्हणजे साधारण 3.7 चौरस मीटर, म्हणजे अकराशे किलोची ताकद, तीही बांधकाम चोख असेल तर. आपण जुनी फरशी न काढता वर दोन इंच मसाला आणि एक इंच कोटा टाकतो. सहाशे किलो तिथेच गेले. मग कुंड्या, धुण्याचे यंत्र, कुणाकडे पाण्याची टाकी. 500 लिटरची टाकी म्हणजे 500 किलो, यात समजण्यासारखे कठीण काय आहे? उरलेल्या शिल्लकीवर मिरवणुकीच्या दिवशी वीस माणसे. तीही पसरून नाही, सगळी कठड्याला टेकून. भार टोकाला गेला की भिंतीशी येणारा ताण जवळजवळ दुप्पट होतो. खात्यात नाही तेवढी रक्कम काढली तर चेक परत येतो, इथे काय परत येणार?

असे होत नाही, असे कुणी म्हणू नये. 20 जुलै 2024 ला मुंबईत ग्रँट रोडजवळ रुबिनिसा मंझिलच्या बाल्कनीचा भाग भर पावसात कोसळला आणि एका महिलेचा जीव गेला. त्यानंतर पंधराच दिवसांनी आपल्याच राज्यात, सागर जिल्ह्यातल्या शाहपूरला, जीर्ण घराची भिंत पडून नऊ मुले दगावली. इंदूरला 30 मार्च 2023 ला, रामनवमीच्या दिवशी, बावडीवरचे छत खचून 36 माणसे गेली. तिथेही तेच: सण, गर्दी, आणि पायाखाली काय आहे याची कुणाला कल्पना नाही.

अमेरिकेत 2015 मध्ये बर्कलीला लाकडी बाल्कनी तुटून सहा तरुण गेले. पाणी मुरून लाकूड आतून कुजले होते. त्यानंतर कॅलिफोर्नियाने 2018 मध्ये कायदा केला, भाड्याच्या इमारतींतल्या अशा बाल्कन्या दर सहा वर्षांनी तपासायच्या. महाराष्ट्रात गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीची तीन वर्षांतून एकदा सांगितली आहे. आपल्या गावात मात्र घरे सुटी, एकेकट्या मालकाची. सोसायटीच नाही, तर ठराव कोण करणार? पालिकेची नोटीस येते ती सगळे घर पडायला आले की. धडधाकट घराच्या आजारी छज्जाला नोटीस येत नाही. त्यात घर चार भावांचे असेल तर खर्च कुणी करायचा यावर दहा पावसाळे जातात. मी स्वतः नोकरीत कितीतरी गृहकर्जे मंजूर केली. नकाशा पाहिला, मूल्यांकन पाहिले, वारसाची सही पाहिली. छज्जाकडे मान वर करून एकदाही पाहिले नाही.

विजेच्या तारांचे वेगळेच. रस्त्याकडे छज्जा दोन फूट वाढवला की तार दोन फूट जवळ येते. 11 हजार व्होल्टच्या वाहिनीपासून बाजूने किमान 1.2 मीटर अंतर हवे. नागपुरात 2017 मध्ये उच्चदाब वाहिनीने लहान मुलांचे बळी घेतले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. लोखंडी पाइप किंवा ओले कपडे वाळत घालताना आपल्या मुली-सुनांचा हात कुठे जातो, ते आज संध्याकाळी एकदा पाहा. कठडाही मोजा. मीटरभराहून कमी असेल आणि त्याला लागून कुंडी किंवा स्टूल असेल, तर लहान मुलाला ती पायरीच झाली.

मंडळाच्या बैठकीत मी मांडले आहे की मिरवणुकीच्या रस्त्यावरची आपल्या सभासदांची घरे विसर्जनाआधी एका इंजिनिअरकडून पाहून घ्यावीत. खर्च वर्गणीतून की ज्याचा त्याने, यावर अजून एकमत नाही. दोघा-तिघांनी "इतकी वर्षे काही झाले नाही" असे सांगितले. आमच्या छज्जाला सध्या खालून लोखंडी टेकू लावले आहेत, दाराला कुलूप आहे. काम पावसाळा संपल्यावर सुरू होईल. तोवर सौ.ची तुळस खाली ओट्यावर आणली आहे आणि यंदा नातवंडे मिरवणूक तिथूनच पाहतील.