गाडीखालचा हिरवा डाग

मैत्रिणींनो, मोरीतला नळ ठिबकायला लागला की आपण लगेच बादली लावतो. गाडीतलं पाणी गळायला लागलं तर मात्र "ते यांचं खातं" म्हणून मोकळ्या होतो. आमच्याकडे हे खातं माझ्याकडे आलं, कारण सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मीच नेते. गाडी पंधरा वर्षांची. टाकीतलं कूलंट दर आठवड्याला बोटभर कमी व्हायचं. गॅरेजवाल्यांनी वरवर पाहिलं आणि "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागेल" असं सांगून टाकलं. म्हणजे गाडी आठ दिवस त्यांच्याकडे! म्हटलं, उघडायचं ते मग बघू, आधी गळतं कुठून ते तर पाहू.

कूलंट म्हणजे पाणी आणि इथिलिन ग्लायकॉल यांचं मिश्रण. ते इंजिनाची उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेतं. रेडिएटरचं झाकण म्हणजे आपल्या कुकरची शिटीच समजा. आत स्प्रिंग असते, ती दाब धरून ठेवते. बऱ्याच झाकणांवर ०.९ असा आकडा दिसेल. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११५ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. म्हणून इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. वाफ न काढता कुकर उघडल्यासारखं होईल ते, आणि तोंडावर उडेल ते वेगळंच.

शोधाला लागतं काय? रद्दी, टॉर्च आणि हातातला लहान आरसा. रात्री इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरून ठेवायचं आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते पाहायचं. एसीचं पाणी नितळ असतं, त्याला वास नसतो. त्याची काळजी नको. कूलंटला रंग असतो, आमचं हिरवं होतं. बोटांना ते थोडं चिकट लागतं. सुकल्यावर मात्र पांढरट-हिरवट खरपुड्या उरतात, आणि खरा माग त्यांचाच. थेंब वाटेत ओघळत येतो, म्हणून डागाच्या नेमकं वरच भोक असेल असं धरून चालू नका.

मी आधी रबरी नळ्या दाबून पाहिल्या (इंजिन गार असताना, बरं का). कडक झालेली, चिरलेली किंवा फुगलेली नळी बदलावीच. मग क्लिपा पाहिल्या. काही क्लिपा गार असतानाच गळतात, गरम झाल्यावर घट्ट बसतात. गाडीत गोडसर वास, पायाखालचा गालिचा ओला, काचेवर चिकट धुकं असेल तर हीटरकडे पाहावं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिखल नव्हता, की मागून पांढरा धूरही येत नव्हता. मग गॅस्केटवर आळ कशाला? (जवळच्याजवळ फिरणाऱ्या गाडीत झाकणाला थोडा फेस येतो, तेवढ्याने घाबरू नका.)

तीन सकाळी डाग पट्ट्याच्या बाजूलाच! आरसा खाली धरला, तर वॉटर पंपाच्या बारीक छिद्रापाशी खरपुडी जमलेली. ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून बाहेर येऊन सूचना देतं. गॅरेजमध्ये जाऊन म्हटलं, "आधी दाब लावून दाखवा." हातपंप लावल्यावर काटा हळूहळू उतरला आणि छिद्रातून थेंब आला. पंप बदलला, इंजिन न उघडता. एका दिवसात गाडी परत, सासूबाईंचा वार चुकला नाही.

कुणी रेडिएटरमध्ये हळद घालायला सांगतील. ट्रकवाले करतात तसं, आणि अडल्या वेळी गळती थांबतेही. पण रेडिएटरच्या बारीक नळ्याही तीच हळद बुजवते. बोअरचं पाणी तर नकोच. गीझरमध्ये क्षार साचतात तसे ते इथेही साचतात. डिस्टिल्ड वॉटरच घ्या. आणि घाटात काटा तांबड्याकडे गेला, तर एसी बंद करून गाडी कडेला घ्या, गार होऊ द्या. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका.

काढलेलं जुनं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारीही. मुलं आणि दारातली कुत्री, दोघांच्याही हाती-तोंडी लागणार नाही असं बंद डब्यात भरून गॅरेजला परत द्या.