मोकळी जागा वायां जात नाहीं

भूखंडासाठीं पदरचा पैसा मोजलेल्या मनुष्यास त्यांतील मोकळा तुकडा डोळ्यांत सलतो. एवढी जागा रिकामी कां, असें त्यास वाटतें व थोडक्याच दिवसांत तेथें पत्र्याची शेड उभी राहते. हा मोह स्वाभाविक असला तरी घातक आहे.

भूखंडाचा किती भाग इमारतीनें व्यापावा व तिच्या चोहोंबाजूंस किती अंतर सोडावें, याचे नियम कोणाच्या लहरींतून निघालेले नाहींत. १८९६ सालीं मुंबईस प्लेगनें ग्रासलें, तेव्हां दाट चाळींतील कोंदट, अंधाऱ्या खोल्यांकडे राज्यकर्त्यांचें लक्ष गेलें. १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रकाश व हवा मिळावी म्हणून त्यानें साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम अंगिकारला. भिंत जितकी उंच, तिच्या सुमारें निम्मी जागा समोर मोकळी, असा त्याचा अर्थ होतो. भूमिति शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तो ताडून पहावा.

प्रकाशाइतकीच दुसरी गरज अग्नीपासून रक्षणाची. आपल्या अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतींत टॉवेल व चादरी विणल्या जातात. सूत व कापूस यांस पेटावयास ठिणगी पुरते. १८ मे २०२५ रोजीं पहांटे तेथील एका टॉवेल कारखान्यास आग लागून आठ जीव गेले. मालकाचें कुटुंब त्याच आवारांत रहात असे. मृतांत एक लहान मूलही होतें. कोणाची चूक झाली, याचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु आगीच्या वेळीं बंबास वळावयास वाट व माणसांस बाहेर पडावयास दुसरें दार हवें, एवढें कोणासही समजेल. सोडलेली मोकळी जागा ही त्या वेळची वाट होय.

कोणी म्हणेल, लहान कारखानदारानें जमीन कोठून आणावी? ही अडचण खरी आहे. तिजवर उपाय म्हणजे नियमांत बसेल तेथें मजला चढविणें, माल स्वतंत्र गोदामांत ठेवणें व बिऱ्हाड यंत्रांपासून दूर नेणें. या कामीं महामंडळानें हात दिला पाहिजे. परंतु कडेची जागा गिळणें हा उपाय नव्हे. तें शेजाऱ्याच्या जिवाशींही खेळणें आहे, कारण आग कुंपण ओळखीत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या वडिलांच्या कारखान्याभोंवतीं एकदां फेरी घालून पहा. वाट कोठें अडते तें त्यांस नम्रपणें सांगा. पालकहो, मुलाचें तें बोलणें कृपा करून ऐका.